लाल पीस

...पाच, सहा, आणि ही दोन एकमेकांना चिकटलेली, ती दोनच धरायची, आठ... त्या लाल तुकड्यावरची पांढरी भोकं संपेचनात, तेव्हा विशाखाने भिंगावरून डोळा न काढता डाव्या हाताने स्टूल आणखी पुढे ओढलं. फिल्मचा तुकडा केवढा, तर काडेपेटीच्या तोंडाएवढा. तीन महिने कुणाच्या तरी घरात, छताखाली लटकणाऱ्या डबीत बसून आलेला, आणि सकाळी दीड तास कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यातून शेकून निघालेला. रेडॉन हा किरणोत्सारी वायू, त्याला रंग नाही, वास नाही. जमिनीतून वर येतो, फटीफटीतून घरात शिरतो, आणि तिथे फुटला की फिल्मवर एक बारीकशी खूण ठेवून जातो. कॉस्टिकमध्ये त्या खुणेचं भोक होतं. ती भोकं मोजायची—तीन वर्षं विशाखाचा धंदा एवढाच, आणि लोकांना सांगताना ती 'संशोधन' म्हणायची. एरवी एका नजरेत दोन भोकं दिसत, फार तर तीन, तीही शोधून शोधून. आणि इथे धिरड्याला पडावी तशी जाळी!

"अगं माय!" ती मोठ्याने म्हणाली.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं म्हणून बरं. ती उठली, टेबलाभोवती एक चक्कर मारली, बाटलीतलं पाणी प्यायली, पुन्हा बसली. चूक असेल—फिल्म ओरखडली असेल, कॉस्टिकमध्ये जास्त वेळ राहिली असेल... पण तिच्याच शेजारी त्याच भांड्यातून निघालेले दुसरे पाच तुकडे होते, साधेसरळ, गरीब, दोन-दोन भोकांचे. तिने तुकडा थोडा सरकवला. बेचाळीस. आणखी सरकवला. एकोणचाळीस. अंगठ्याखालचं काउंटर टिकटिकत राहिलं आणि तिच्या छातीतही काहीतरी टिकटिकायला लागलं, आणि तासाभराने कागदावर गुणाकार-भागाकार होऊन आकडा उतरला तेव्हा विशाखाने, वय वर्षे छत्तीस, एका मुलीची आई, त्या रिकाम्या खोलीत दोन्ही हात वर करून एक गिरकी घेतली.

सातशे वीस!

घरांमध्ये हवेच्या घनमीटरला वीस बेकरेल निघायचे, तीस, चाळीस. शंभरच्या पुढे गेलं तर घराकडे लक्ष द्यायचं, तीनशेच्या पुढे गेलं तर काहीतरी इलाज करायचा, असा शिरस्ता. तिच्या एकोणचाळीस घरांपैकी एकही घर पन्नाशी गाठत नव्हतं. मागे एका परिषदेत, जेवणाच्या रांगेत, एक टाय लावलेले गृहस्थ ताटात भात वाढून घेता घेता म्हणाले होते, "काळ्या दगडाच्या मुलखात रेडॉन शोधताय? हौस आहे बुवा तुम्हाला!" ती तेव्हा हसली होती, पापड मोडत बसली होती, आणि खोलीवर येऊन चिडून रडली होती. माहेरी अण्णा, वडील, विचारायचे, "काय निघालं गं?" कमीच. धम्मपाल, नवरा, रात्री भांडी लावता लावता विचारायचा. कमीच. कमीच, कमीच, कमीच... जणू तीन वर्षं ती विहिरीत दोर सोडत होती आणि बादली दर वेळी कोरडी वर येत होती. आता बघा म्हणावं, मुलखात काय आहे ते!

तिने लगेच तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. हे खरं तर रजिस्टर बघितल्यावर करायला हवं होतं, पण आनंदाला कुठे एवढा दम असतो? "सर, सातशे वीस! तीन वेळा मोजलं." पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "वा, वा, वा! अभिनंदन हो! कोणाचं घर आहे?"

"नंबर छत्तीस. रजिस्टर बघून सांगते."

"बघा. उद्या सकाळीच जागेवर मोजणारं मशीन घेऊन जाऊ तिथं."

फिल्म कोणत्या घरातली हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, नाहीतर मन आधीच कल घेतं आणि डोळा त्याच्या मागे जातो. म्हणून नंबर टाकायचं काम प्रयोगशाळेतल्या रूपालीकडे होतं, आणि रूपालीचं रजिस्टर तिच्या खणात. विशाखाने खण ओढला. आतून फुटाण्यांची पुडी आणि रजिस्टर, दोन्ही निघालं. तिने दोन फुटाणे तोंडात टाकले, बोट खाली खाली नेलं... चौतीस, पस्तीस, छत्तीस. रूपालीच्या गोल गोल अक्षरात: सखाराम साळवे, पुंडलिकनगर, मागची खोली.

आणि गंमत अशी, की क्षणभर तिला वाटलं, कोण बरं हे सखाराम साळवे? भला माणूस दिसतोय, एवढा मोठा आकडा दिला... फुटाणा दाढेखाली फुटला तेव्हा तिला कळलं. अण्णांना अण्णाच म्हणत आले मी जन्मभर. त्यांना नाव आहे हे रेशनकार्डावरच तेवढं बघितलेलं.

ती खणाशी तशीच उभी राहिली. आनंद अजून अंगात होता, हीच तर लाजेची गोष्ट. हात धुतले तरी साबणाचा वास बोटांना राहतो तसा तो राहिला होता, गालात अजून हसू होतं, आणि डोक्यात मात्र आकडेमोड सुरू झाली होती—खोली बांधली ती नऊ वर्षांची असताना, म्हणजे सत्तावीस वर्षं, रोजचे आठ तास, आणि अण्णा निवृत्त झाल्यापासून दुपारचेही दोन... आणि बिडी! बिडी सोडून पंधरा वर्षं झाली, पण त्याआधी ओढलीच की, आणि बिडी आणि रेडॉन एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी जातो, हे तिने स्वतः व्याख्यानात सांगितलेलं, फळ्यावर आकृती काढून. आणि खोकला. महिनाभर चाललेला तो खोकला, ज्याला आई 'थंडीचं हाय' म्हणते.

स्कूटी मकई दरवाजातून बाहेर पडली, क्रांती चौक गेला, जालना रोड लागला. फेब्रुवारीचं ऊन कोवळं होतं, दुभाजकातल्या बोगनवेली फुलल्या होत्या, आणि सगळं शहर आज कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखं दिसत होतं. ह्या सगळ्याचा तिला रागच आला. कसं सांगायचं? अण्णा, तुमच्या खोलीतली हवा वाईट आहे. अण्णा, ही खोली सोडा. ती खोली! वाळूजच्या कारखान्यात माल मापून तपासायची शिफ्ट करून यायचे, डबा ठेवायचे, आणि अंधार पडेपर्यंत कडुबा मिस्त्रीच्या हाताखाली दगड उचलायचे, कारण मजूर लावायला पैसे नव्हते. भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात आई पोरांना ओल्या चादरीत गुंडाळायची. म्हणून अण्णांनी मागची खोली दीड हात जाडीच्या भिंतींची बांधली, काळ्या दगडाची, गार राहावी म्हणून. खिडकी एकच, तीही लहान, झळ येऊ नये म्हणून. "विशू, टेप धर." मी टेप धरायचे. "नीट धर, ढिला सोडू नको. टेप ढिला सोडला की खोटं बोलतो." मोजायचं कसं ते मला विद्यापीठाने नाही शिकवलं... आणि आता त्याच माणसाला त्याच खोलीचा आकडा जाऊन सांगायचा.

आणि सकाळी मी गिरकी घेतली होती.

हे सगळ्यात वाईट. सेव्हन हिलच्या सिग्नलला तिला ते एकदम लख्ख कळलं—की तीन वर्षं ती ह्याचीच वाट बघत होती. कुणाच्या तरी घरात वाईट निघावं. सखारामाच्या नाही तर कुणाच्या तरी. शेंद्र्याला साळूबाईंच्या घरात डबी टांगताना तिने त्यांची धान्याची खोली बघितली होती, खिडकी नाही, जमीन मातीची, भिंतीला ओल, आणि तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "किती छान बंद खोली आहे हो!" साळूबाईंनी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत म्हटलं, "छान कशाची बाई? कोंडवाडा हाय. लेकरू झोपतं तिथं माझं." विशाखा तेव्हा ओशाळी होऊन हसली होती. पण डबी तिने तिथेच टांगली, आणि तीन महिन्यांनी एकतीस निघाले तेव्हा तिचा चेहरा पडला होता. लेकरू झोपायचं तिथं. आणि माझा चेहरा पडला होता!

"क्या सोच रे मॅडम? सिग्नल छूट गया ना!" मागचा रिक्षावाला ओरडला.

पुंडलिकनगरच्या गल्लीत शिरताच तिच्या लक्षात आलं, आज पाण्याचा दिवस. आठवड्याने येणारं पाणी म्हणजे गल्लीचा सणच. दारोदार पाइप पसरलेले, मोटारी घरघरताहेत, बायका एकमेकींना ओरडून सांगताहेत कुणाचा हौद भरला आणि कुणाचा नाही. आई दारातच होती, पदर खोचलेला, हातात झारा.

"आगं, तू? आज कशी काय? काही झालं का?"

"काही नाही. आलते सहज."

"सहज येणारी तू! बस, धपाटे लावलेत."

अण्णा अंगणाच्या कोपऱ्यात बोअरच्या खड्ड्यावर वाकलेले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांनी वर बघितलं, तोंडभर हसले, आणि हसता हसता खोकले. खोकल्याचा आवाज विशाखाने ऐकला, मोजला, ठेवून दिला. ती सरळ मागच्या खोलीत गेली. तीन पायऱ्या खाली. पूर्वी एकच होती. समोरचा रस्ता दर वेळी नवा झाला की वर चढतो, मग मोरीचं पाणी आत येऊ नये म्हणून अंगण उचलायचं, आणि घर आहे तिथेच राहतं, म्हणजे दर वेळी थोडं खाली जातं. दोन खाटा, आईचं शिलाई मशीन, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तसबिरीपासून दोन हातांवर छताला तो हूक, जिथे नोव्हेंबरात तिने स्वतः स्टुलावर चढून डबी लावली होती. खिडकी बंद. फटीत कापड कोंबलेलं. तिने श्वास घेतला. खोलीला नेहमीचा वास येत होता, खोबरेल तेलाचा, गोधडीचा, आईअण्णांचा.

तिने आधी खूप वाक्यं तयार केली होती, हळुवार, पायरी-पायरीने खाली उतरणारी. पण अण्णा हात पुसत दारात आले, आणि ती एकदम म्हणाली, "अण्णा, आज रात्री ह्या खोलीत झोपू नका."

"काहून?"

"तुमची फिल्म मोजली आज." तिने छताच्या हुकाकडे बोट दाखवलं. "सातशे वीस आलेत, अण्णा. लई जास्त आहे."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला, की तिला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही.

"पकडलं?" ते म्हणाले. "पकडलं का तुझ्या डबीनं? आँ? सत्यभामा! आगं ए! पकडलं म्हणती!"

"मग मी काय म्हणत होते?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आधी तिला सांगा, मग नाचा."

विशाखा एकदा अण्णांकडे, एकदा स्वयंपाकघराच्या दिशेने बघत राहिली. म्हातारपणी माणसं... नाही, दोघांनाही एकदम कसं होईल?

"किती म्हणली? सातशे? म्हणजे रिजेक्टच ना? साफ रिजेक्ट?"

"अण्णा, तुम्हाला कळतंय का मी काय—"

"तू चल. आधी चल माझ्यासंग." आणि त्यांनी तिचा हात धरून तिला तीन पायऱ्या वर आणि अंगणातून कोपऱ्यात नेलं, लहानपणी यंत्र दाखवायला कारखान्याच्या मेळाव्यात न्यायचे तसं, ओढतच. बोअरच्या खड्ड्याचं लोखंडी झाकण उघडंच होतं. छातीइतका खोल खड्डा, बाजू कच्च्या मुरमाच्या, मधोमध पाइप. झाकणाच्या आतल्या बाजूला वेल्डिंग करून बसवलेली एक कडी होती, नवीकोरी, चकचकीत.

"इथं लटकवली होती," अण्णा म्हणाले. "तू लावून गेली त्याच्या चौथ्या दिवशी. तू न्यायला यायच्या आदल्या दिवशी परत खोलीत टांगली."

तिने वाकून त्या कडीला बोट लावून बघितलं.

"आता रागवू नको, ऐक. वाळूजला अठ्ठावीस वर्षं म्या गेज हातात धरलं, व्हय ना? रोज शिफ्ट चालू व्हायच्या आधी काय करायचो? एक खराब पीस असतो, मुद्दाम राखून ठेवलेला, लाल रंग दिलेला. तो आधी गेजमधून काढायचा. गेजनं त्याला पकडलं तर गेज चांगलं, मग दिवसभराचा माल तपासायचा. नाय पकडलं तर लाइन बंद! कारण मग 'सगळा माल ओके' ह्याचा काही अर्थच नाय. माल ओके हाय का गेज आंधळं हाय, कोण सांगणार?" त्यांनी झाकणावर थाप मारली. "तू तीन वर्षं येती आन् म्हणती, अण्णा, कमीच निघतं. तोंड एवढंसं करून. म्या म्हणलं, पोरीच्या डबीला लाल पीस कुणी दाखवला का? तूच सांगितलं होतं, गॅस जमिनीतून येतो, बंद जागेत साठतो. मग ह्याच्याहून बंद जागा आपल्याकडं कोणती?"

"मला सांगितलं का नाही?"

"लाल पीस कधी टाकणार ते तपासणाऱ्याला सांगायचं नसतं," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "सांगितलं तर तो डोळे मोठे करून बघतो."

आता रागच बाहेर पडणार असं तिला वाटलं, आणि राग थोडा होताही—तीन महिन्यांची फिल्म, रजिस्टर, सरांना केलेला फोन, अहो हे संशोधन आहे का भातुकली!—पण बाहेर पडलं ते हसू, आधी नाकातून, मग खांद्यातून, आणि ती खड्ड्याच्या कडेवर बसून इतकी हसली की शेजारच्या पारूबाई पाइप हातात धरून भिंतीवरून डोकावल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसण्याचं का सकाळपासून अडवलेलं, हे तिने बघितलं नाही. डबीचं कॅलिब्रेशन झालं होतं, पक्कं, दूरच्या प्रयोगशाळेत, कागदावर शिक्क्यासकट. पण घराघरांतून नेऊन आणलेल्या डब्यांना तिने खरंच कधी लाल पीस दाखवला नव्हता. एका निवृत्त गेजवाल्याला हे सुचलं, चार दिवस डबीकडे बघून!

आणि मग, हसू ओसरता ओसरता, उलटी बाजू हळूच पुढे आली. डबी आंधळी नाही. म्हणजे कमी ते खरंच कमी. एकोणचाळीस घरं. साळूबाईंची धान्याची खोली, एकतीस. हर्सूलच्या त्या शिक्षकांचं घर, बावीस. पडेगावातल्या बाळंतिणीची अंधारी खोली, अठ्ठावीस, जिथून ती नाराज होऊन परतली होती. त्या सगळ्या खोल्यांतून माणसं झोपली होती, उठली होती, लेकरांना पाजलं होतं, आणि चांगला श्वास घेत होती, तीन महिने, तीन वर्षं, आणि मी त्यांच्यावर रुसून बसले होते! तिला वाटलं, आत्ता स्कूटी काढावी आणि शेंद्र्याला जाऊन साळूबाईंना मिठी मारावी. कमी! अहो, कमी निघालंय तुमच्याकडे! किती छान शब्द होता हा, आणि तिने तो तीन वर्षं मान खाली घालून उच्चारला होता.

"आता उठ, मोटार बंद करायचीय मला," अण्णा म्हणाले, आणि खोकले.

तिचं हसू तिथेच थांबलं.

"अण्णा... मग खोलीचं?"

"खोलीचं काय?"

"डबी तर खड्ड्यात होती. खोलीत काहीच नव्हतं. म्हणजे खोली कुणी मोजलीच नाही."

शिफ्ट सुटताना एखादा डबा तपासायचा राहिलाय हे आठवावं तसा अण्णांचा चेहरा झाला. "ते राहिलंच की," ते हळूच म्हणाले.

तिने सरांना फोन केला. सगळं सांगितलं, झाकणाच्या कडीपासून, काहीही न लपवता, सांगताना कान तापत होते. सर एकदम असे हसले की तिला फोन कानापासून दूर धरावा लागला. "तुमच्या वडिलांना भेटायचंय मला! उद्या नऊला येतो मशीन घेऊन. आणि त्या फिल्मचं काय लिहायचं ते नंतर भांडून ठरवू. खोली मात्र आत्तापासून बंद ठेवा—रात्रभर दार-खिडकी काही उघडायचं नाही, तरच खरा आकडा कळेल."

मग घरात जी धांदल उडाली! आईला पटेचना. "साहेब येणार आन् खोली कोंदट ठेवायची? लोक काय म्हणतील?" ती दोनदा खिडकी उघडायला गेली आणि दोन्ही वेळा अण्णांनी तिला अडवलं. "तपासणीच्या आधी माल पुसायचा नसतो, सत्यभामा!" आता तेच इन्स्पेक्टर झाले होते. त्यांनी गोधड्या, उशा, औषधाची बाटली, चष्मा बाहेर आणला, आईने शिलाई मशीनवरचं अर्धवट झबलं आणलं—विशाखाच्या लेकीचं—आणि बाहेरच्या खोलीत दोघांची अंथरुणं शेजारी शेजारी पडली. विशाखाने धपाटे खाल्ले, दह्याबरोबर, चार. सकाळच्या दोन फुटाण्यांनंतर पोटात काही नव्हतं हे तिला आत्ता कळत होतं. खोलीचं दार तिने स्वतः ओढून घेतलं. दगडी चौकटीला लाकूड घट्ट बसलं. सत्तावीस वर्षांनी अजून नीट बसतंय, केस जाईल एवढीही फट नाही. गवंडी कडुबा असला तरी माप अण्णांचं होतं.

संध्याकाळी, ती निघायच्या तयारीत असताना, पत्ता विचारायला सरांचा फोन आला. गजानन मंदिरापासून कसं वळायचं ते तिने सांगितलं. अण्णा बाजेवर बसून ऐकत होते, न ऐकल्यासारखं दाखवत.

"बरं," सर म्हणाले, "काय वाटतं तुम्हाला? तीन पायऱ्या खाली, जाड भिंती, एक खिडकी... किती निघेल?"

हा प्रश्न ते नेहमी विचारत. प्रत्येक घराच्या आधी. आणि ती नेहमी एक आकडा सांगायची, जरा चढवूनच, आशेने. आत्ता तिने बंद दाराकडे बघितलं. पलीकडे अंधारात जमीन आपलं काम करत असणार, दगडाच्या फटीतून, थोडं थोडं, किंवा बरंच. कुणालाच माहीत नाही, उद्या नऊपर्यंत कुणालाच कळणार नाही. नवस बोलायला तिच्या घरात देव नव्हता. आजीने तो केव्हाच सोडला होता, विचार करून. आणि संशोधकाने असं काही म्हणायचं नसतं, हेही तिला पक्कं माहीत होतं.

"कमी निघू दे, सर," ती म्हणाली.

तिला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटली. तिने पुन्हा एकदा, ह्या वेळी जरा मोठ्याने, अण्णांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कमी निघू दे."